नमुन्याला नारळ फुटला

धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ आता जुने झाले. पाचवा आणि खरा पुरुषार्थ वेग हा आहे, आणि ज्याला वेग कळला नाही त्याला पहिले चार कळून काही उपयोग नाही, असं मोरोपंत आसेगावकर वकिलांनी १९५७ सालच्या एका सकाळी अमरावतीच्या बार रूममध्ये उभं राहून जाहीर केलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांच्यातल्या एकाने, "ते ठीक आहे पंत, पण आज तुम्हाला पाऊण तास उशीर काहून झाला?" असं विचारलं, तेव्हा मोरोपंतांनी काळ्या कोटाच्या बाहीवरचं वंगण पुसत सायकलची चेन अंबागेटपाशी उतरल्याचं कबूल केलं. तिथून कोर्टापर्यंत ते सायकल हातात धरून चालत आले होते, आणि वाटेत एका कुंभाराचं गाढव त्यांच्या पुढे निघून गेलं होतं. गाढवाचा उल्लेख त्यांनी केला नाही.

मोरोपंतांना हे वेड लागलं ते रद्दीतून. सत्तेचाळीस साली कॅम्पातला एक इंग्रज अधिकारी चंबूगबाळं आवरून मायदेशी गेला, आणि त्याच्या बंगल्यातली मोटारींची मासिकं इतवाऱ्यातल्या एका फुटाणेवाल्याकडे पोचली. मोरोपंत फुटाणे घ्यायला गेले, तर पुडीवर त्यांना लांब नाकाची, उघड्या अंगाची एक मोटार दिसली. त्यांनी फुटाणे खिशात ओतले, पुडी सरळ करून वाचली, आणि उरलेला सगळा गठ्ठा सायकलला बांधून घरी आणला. 'उरलेला' एवढ्यासाठी म्हणायचं, की तोवर बरीच पानं गिऱ्हाइकांबरोबर गेली होती. त्यामुळे मोरोपंतांच्या ज्ञानाला मधेमधे भोकं होती. एम.जी. कशी दिसते, जॅग्वार किती पळते, इटलीतले लोक एका मोटारीत बारा सिलिंडर कसे कोंबतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण एक विशिष्ट गाडी ताशी नव्वद मैलांनी वळणात कशी शिरते ते रंगवून सांगताना ते अचानक थांबत आणि पाणी मागत. ती वळणातून बाहेर कशी येते ते पान फुटाण्यांत गेलं होतं.

बाकी त्यांनी स्वतः जन्मात मोटार चालवली नव्हती. हे बार रूमला ठाऊक नव्हतं. घरी सिंधूताईंना ठाऊक होतं. "ह्यांना मोटारीतलं सगळं कळतं," त्या शेजारणीला सांगत, "फक्त आत बसायचं राहिलंय."

त्या वर्षी उन्हाळ्यात मोरोपंत एका दाव्यासाठी अकोल्याला गेले, आणि तिथे पक्षकाराने त्यांची गाठ बापूसाहेब पातुरकरांशी घालून दिली. बापूसाहेब म्हणजे सहा फूट देह, त्याला साजेशा मिश्या, आणि गावाबाहेर एक जिनिंग फॅक्टरी. फॅक्टरीच्या मागे टिनाचं शेड होतं. शेडमध्ये सरकीची पोती होती, आणि पोत्यांच्या पलीकडे पांढऱ्या चादरीखाली काहीतरी निजलेलं होतं. बापूसाहेबांनी चपला दाराशी काढल्या. मोरोपंतांनीही काढल्या. मग बापूसाहेबांनी चादर ओढली.

खाली कॅलिंगवर्थ मोटार होती. लाल, दोन आसनी, लांब नाकाची, आणि इतकी बुटकी की उभ्या माणसाला तिच्याकडे पाहण्यासाठी आपसूक मान लववावी लागे.

"सहा सिलिंडर," मोरोपंत कुजबुजले. "दोन कार्ब्युरेटर. जगात एकूण एकशे चाळीस गाड्या निघाल्या."

"एकशे बेचाळीस," बापूसाहेब म्हणाले. "पण तुमचंही बरोबर आहे. दोन कारखान्यातच एकमेकींवर आपटल्या."

एवढ्या बोलण्यात दोघांचं गोत्र जुळलं. सगळ्या अकोल्यात बापूसाहेबांना ही गोष्ट विचारणारं कोणी नव्हतं, आणि सगळ्या अमरावतीत मोरोपंतांना ती सांगू देणारं कोणी नव्हतं. दोन तास आणि चार कप चहा झाल्यावर मोरोपंतांनी धीर केला.

"आत बसू का?"

बापूसाहेबांच्या मिश्या एकदम ताठ झाल्या. "आत कोणी बसत नाही. एका कलेक्टरनी विचारलं होतं. त्यांना चहा पाजून रवाना केलं."

मोरोपंतांनी हातातल्या चहाकडे पाहिलं. पण बापूसाहेबांनाच मग काय वाटलं कोण जाणे. चादर पुन्हा घालताना ते म्हणाले, "एक करा वकीलसाहेब. माझ्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे. त्यात मला या गाडीचा नमुना ठेवायचा आहे. हातभर लांब, लाकडी, अगदी हुबेहूब. विलायतेहून मागवायला परवाना मिळत नाही. तुम्ही तो करवून आणा. आणलात, की ही गाडी एक मैल तुमची. स्टिअरिंग तुमच्या हातात, मी बाजूला." आणि त्यांनी गाडीचा एकुलता एक फोटो कोटाच्या आतल्या खिशातून काढून दिला. त्या खिशात सहसा लोक देवाचा फोटो ठेवतात.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मोरोपंतांना बसायला जागा मिळाली नाही, पण त्यांना ते कळलंही नाही. माणसाला आयुष्यात किती मैल लागतात याचा ते हिशेब करत होते. त्यांना एक पुरणार होता.

अडचण एकच होती, की तो चालवता यायला हवा होता. बापूसाहेबांना त्यांनी 'चालवता येत नाही' असं सांगितलं नव्हतं. 'येतं' असंही सांगितलं नव्हतं. वकिलाचं मौन हे मौनच असतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरात अभ्यास सुरू केला. पाटावर बसायचं, दोन्ही हातांत परात उभी धरायची, पायाशी तीन विटा, आणि डाव्या हाताला खलबत्त्यातला बत्ता. मासिकातलं पान समोर भिंतीला टेकवलेलं.

"अहो, हे काय करून राहिलात?" सिंधूताईंनी पहिल्या दिवशी विचारलं.

"गिअर बदलतो आहे."

"ते बदला, पण बत्त्याला वेलदोडे लागलेत, सगळीकडे सांडून राहिले. आणि ती मधली वीट काढा. मला तिथून जाता येत नाही."

"तो ब्रेक आहे, सिंधू."

"मग दाबा ना. मी केव्हाची उभी आहे."

नमुन्यासाठी मोरोपंत भातकुलीला गेले, देवमन सुताराकडे. वऱ्हाडात हिवाळ्यात शंकरपट भरतात. बैलांची जोडी हलक्या छकड्याला जुंपून सोडतात, आणि तुम्ही तपकीर ओढून डोळे पुसेपर्यंत निकाल लागलेला असतो. असले पटाचे छकडे करण्यात देवमनचा हात कोणी धरत नसे. त्याच्या छकड्यात एक लाकूड जास्त नसे. उलट एखादं कमीच आहे की काय अशी शंका येई, आणि ती छकडा हाकणारा धुरकरी पडल्यावरच फिटे. मोरोपंतांनी त्याची शेताच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, केस लढवली होती, त्यामुळे ओळख होती.

देवमनने फोटो घेतला, उजेडात धरला, मग उलटा करून मागे पाहिलं. मागे काही नव्हतं.

"बैल सोडून देले वाटते," तो म्हणाला.

"बैल नसतात, देवमनजी. आत इंजिन असतं. शंभर घोड्यांचं."

"शंभर घोडे? आन एकबी दिसत नाई?"

"ते पुढे, नाकात."

"नाक लांब हाये खरं," देवमनने मान्य केलं. "आन दुसरी बाजू?"

"तशीच."

"तशीच कोनाची असते, वकीलसायब? मानसाची नसते. माह्या बायकोचा डावा गाल पाहा आन उजवा पाहा."

"मी कसा पाहू?"

"नका पाहू. मी सांगून राह्यलो."

शेवटी दुसरी बाजू पहिलीसारखीच करायची असं ठरलं, पण देवमनला ते पटलं नव्हतं. न पाहिलेली वस्तू करायची म्हणजे खोटी साक्ष देण्यासारखं आहे, असं तो दोन-तीनदा म्हणाला, आणि वकिलासमोर म्हणाला.

दोन महिन्यांनी नमुना झाला. सागाच्या एका ओंडक्यातून कोरलेला, हातभर लांब, लाल. चाकातल्या तारा फोटोत मोजून अठ्ठेचाळीस भरल्या होत्या; देवमनने तितक्याच बांबूच्या काड्या बसवल्या होत्या. दार उघडत होतं. नाकाचं झाकण उघडत होतं, आणि आत त्याने चार घोडे कोरले होते. शंभर मावत नव्हते.

योगायोगाने दुसऱ्या दिवशी दसरा होता. वकील मंडळी दसऱ्याला कायद्याची पुस्तकं पुजतात. मोरोपंतांनी त्या वर्षी पुस्तकं जरा भिंतीकडे सरकवली आणि पाटावर मधोमध नमुना ठेवला. त्याला झेंडूची माळ घातली, नाकाला कुंकू लावलं, समोर नारळ फोडला, आणि भरून आल्यामुळे नारळाची अर्धी वाटी जेवायला बोलावलेल्या देवमनच्या हातावर ठेवली.

देवमनने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि बराच वेळ तो मोरोपंतांच्या पायांकडे पाहत राहिला.

"वकीलसायब, जरा पाय लांब करून बसता काय?"

मोरोपंत बसले. देवमनने खिशातून सुतळी काढली, कमरेपासून टाचेपर्यंत धरली आणि एक गाठ मारली. मग खांदे मोजून दुसरी मारली. मोरोपंतांना वाटलं, सुतार लोकांची काहीतरी रीत असेल. रीतच होती.

त्यांनी त्याच दिवशी अकोल्याला पत्र टाकलं: नमुना तयार, केव्हा येऊ? बापूसाहेबांचं उत्तर आलं, दिवाळीनंतर या. दिवाळी झाल्यावर आलं, कपाशीचा हंगाम आहे. मग आलं, रस्त्यावर फार धूळ आहे. मग आलं, गाडीला सध्या हवा मानवत नाही. मोरोपंतांनी प्रत्येक पत्र वाचून निःश्वास टाकला. त्यातला अर्धा दुःखाचा होता आणि अर्धा सुटकेचा, कारण बत्ता अजून दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नव्हता.

संक्रांत झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला. मोरोपंत अर्धी दाढी करून बाहेर आले. दारात कॅलिंगवर्थ उभी होती.

लाल, दोन आसनी, लांब नाकाची, पुरत्या मापाची. फक्त नाकाच्या पुढे दांडी होती, दांडीला जू, आणि जुवाला दोन पांढरे बैल. मागच्या बाजूवर, जिथे विलायती लोक सामान ठेवतात तिथे, नत्थुजी धुरकरी मांडी घालून बसला होता. पटात त्याच्या जोडीचा दरारा होता. एका बैलाचं नाव ढाण्या आणि दुसऱ्याचं मामलेदार.

"भातकुलीवरून एका घंट्यात आनली," नत्थुजी म्हणाला. "सर्व्हिस मोटार मांगं राह्यली. तिच्यातले लोक हात करून राह्यले होते, आमाले घ्या म्हनून."

मोरोपंतांनी गालावरचा साबण तसाच ठेवून गाडीतून उतरणाऱ्या देवमनकडे पाहिलं. "देवमनजी, हे काय आहे?"

"गाडी हाये."

"मी गाडी कधी सांगितली?"

देवमनला हा प्रश्नच कळेना. "नमुन्याले कुकू कोनं लावलं? नारळ कोनं फोडला? अर्धी वाटी माह्या हातावर कोनं ठेवली? नमुना पसंत नसला तर गिऱ्हाईक तो लेकरांले खेळाले देऊन टाकते. नारळ फुटला म्हंजे गाडी पक्की. माह्या आज्यापासून हेच चालत आलं. आमी दुसरं काही लिवून घेत नाई."

मोरोपंतांनी मनातल्या मनात पुस्तकं चाळली. प्रस्ताव होता, स्वीकृती होती, साक्षीला नारळ होता. करार कुठल्याही कोर्टात टिकला असता.

"पण एवढं सागवान, एवढी मेहनत..."

"माह्या धुऱ्याच्या केसची फीस तुमी कुठी घेतली?"

"हरलो आपण ती केस."

"हरले," देवमन म्हणाला. "पन मन लावून हरले."

तोवर सिंधूताई बाहेर येऊन गाडीला फेरी मारून गेल्या होत्या आणि पलीकडच्या बाजूला थबकल्या होत्या. ही बाजू देवमनने या वेळी कोणाला न विचारता आपल्या मनाने केली होती. तिथे बाईमाणसाला चढायला पायरी होती, धरायला कडी होती, पाण्याचा तांब्या अडकवायला आकडा होता, आणि बसल्यावर ऊन लागू नये म्हणून छत्री खोवायला एक भोक होतं. सिंधूताई पायरीवरून चढून आत बसल्या. त्यांनी पदर सारखा केला.

"ह्या बाजूला अक्कल जास्त आहे," त्या म्हणाल्या.

दुपारी बार रूम ओस पडून सगळी मंडळी गल्लीत आली, आणि संध्याकाळच्या गाडीने बातमी कापसाच्या दलालांबरोबर अकोल्याला गेली. वाटेत तिने थोडा वेग घेतला. अकोल्याला पोचली तेव्हा ती अशी होती: आसेगावकर वकिलांनी लाल टू-सीटर घेतली, पातुरकरांच्या गाडीपेक्षा नवी आहे, आणि भातकुलीहून आली तेव्हा तिने सर्व्हिस मोटारीला मागे टाकलं.

वऱ्हाडात दुसरी लाल गाडी आली या बातमीने बापूसाहेब रात्रभर जागे होते हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. ते सकाळी बडनेऱ्याला उतरून टांग्याने आले. त्यांच्या चेहऱ्यावर, माणूस नातेवाइकाच्या दुखण्याला भेटायला जातो तसा भाव होता. मोरोपंतांच्या दारासमोर टांग्यातून उतरून ते गाडीपाशी आले. मग त्यांनी चपला काढल्या, भर रस्त्यात.

"ही कॅलिंगवर्थ आहे," ते म्हणाले.

"हो."

"पण ही बाजू?"

"ती देवमनजींची आहे."

बापूसाहेबांनी लाल सागवानावर हात फिरवला. मग अकोल्यातल्या कोणी कधी ऐकला नसेल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आत बसू का?"

मोरोपंतांच्या मनात क्षणभर चहा येऊन गेला. पण ते मुळात सज्जन होते. "बसा," ते म्हणाले.

स्टिअरिंग नुसतं शोभेचं असेल असं बापूसाहेबांना वाटलं होतं. पण देवमन शोभेचं काही करत नसे. त्याने बैलांचे कासरे गाडीच्या नाकातून ओवून स्टिअरिंगच्या चाकाला बांधले होते; चाक उजवीकडे फिरवलं की मामलेदार उजवीकडे वळे. नत्थुजी मागे बसला, मोरोपंत बाजूला. बडनेऱ्याचा रस्ता मोकळा लागल्यावर नत्थुजीने जिभेने टकटक असा काहीतरी आवाज केला, आणि बापूसाहेबांची टोपी उडाली. ती कोणी उचलली नाही. कडेची निंबाची झाडं एकात एक मिसळून गेली. सायकलवरचे दोन मास्तर नालीत उतरले. बापूसाहेब पुढे वाकले होते, मिश्या कानापर्यंत गेल्या होत्या, आणि ते काहीतरी ओरडत होते, ते मराठी नव्हतं आणि इंग्रजीही नव्हतं.

गाडी थांबल्यावर ते चाक धरून तसेच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चार वर्षं," ते म्हणाले.

"काय चार वर्षं?"

"काही नाही. धूळ गेली." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "रविवारी अकोल्याला या वकीलसाहेब. नमुना घेऊन या. शब्द दिलाय तो पुरा करून टाकू. आणि देवमनजींना आणि या धुरकऱ्याला पण आणा."

म्हणजे मैल आला होता. मोरोपंतांनी शनिवारी परात मागितली.

"मिळायची नाही," सिंधूताई म्हणाल्या. "आज पुरण आहे. आणि आता काय एका दिवसात येणार आहे तुम्हाला? सरळ सांगून टाका त्यांना."

"सांगितलं तर बसू देणार नाहीत."

"आणि न सांगता बसलात तर गाडी भिंतीत घालाल. मग तुमच्या विरुद्ध वकील कोण देतील ते, याचा विचार करा. अमरावतीतले निम्मे तर वाटच पाहून राहिलेत."

मोरोपंत रात्रभर विटा दाबत झोपले.

रविवारी बापूसाहेबांनी नमुना काचेच्या कपाटात ठेवला, दोन पावलं मागे जाऊन पाहिला, पुढे जाऊन नाकाचं झाकण उघडलं, आतले चार घोडे पाहिले आणि झाकण लावलं. मग सगळे शेडमध्ये गेले. दाराशी चपलांचे चार जोड झाले. चादर निघाली तसा देवमन कोणाकडे न पाहता तडक गाडीच्या पलीकडे गेला आणि उकिडवा बसला. फोटोत नसलेली बाजू त्याने पुढून मागे, मागून पुढे अशी डोळे भरून पाहिली.

"पाहा," तो शांतपणे म्हणाला. "या बाजूले नळी हाये. त्या बाजूले नाई. तशीच नसते कोनाची."

त्या वेळी अकोल्यात त्याच्याइतका समाधानी माणूस दुसरा नसावा.

बापूसाहेबांनी दार उघडलं. "बसा."

मोरोपंत बसले. कातडी आसनाने त्यांना पोटात घेतलं. समोर पांढऱ्या तबकड्या होत्या, हातात खरं स्टिअरिंग होतं, त्याला परातीसारखा काठ नव्हता. पायाखाली विटा नव्हत्या. अठ्ठेचाळीस वर्षांचे मोरोपंत आसेगावकर कॅलिंगवर्थमध्ये बसले होते, आणि त्यांना एकदम खोटं बोलवेना. न बोललेलं खोटंसुद्धा.

"बापूसाहेब, एक सांगायचं राहिलं. मला चालवता येत नाही."

बापूसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते सावकाश सरकीच्या पोत्यावर टेकले, आणि त्यांच्या मिश्या चार वर्षांनी सैल पडल्या.

"फार बरं झालं," ते म्हणाले. "हिलाही चालता येत नाही."

चौपन्न साली आत काहीतरी मोडलं होतं. ते विलायतेतच मिळे. विलायतेहून आणायला परवाना लागे. परवान्याची फाईल दिल्लीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असल्याची पत्रं बापूसाहेबांना वेळोवेळी येत. "गाडीपेक्षा तीच जास्त चालली," ते म्हणाले. इंजिन त्यांनी स्वतः उघडून बिस्किटांच्या सात डब्यांत भरून ठेवलं होतं, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावून. एकावर 'महत्त्वाचे' असं होतं, एकावर 'हे कशाचे?' असं होतं. कलेक्टरला चहा का पाजला ते आता मोरोपंतांना कळलं.

"मग मी उतरतो," ते म्हणाले. उतरले मात्र नाहीत. त्यांचे हात चाकावरून निघत नव्हते.

बापूसाहेबांनी ते पाहिलं. "उतरायचं नाही," ते उठून म्हणाले. "शब्द तो शब्द. एक मैल."

"माह्ये बैल तर घरी हायेत," नत्थुजी म्हणाला. "पन इथंसा कोनाची जोडी असन तर..."

"कॅलिंगवर्थला बैल?" बापूसाहेब म्हणाले. "लाकडी असती तर गोष्ट वेगळी. विलायतेत कोणाला कळलं तर काय म्हणतील?"

त्यांनी जिनमधल्या सहा हमालांना हाक मारली. देवमन आणि नत्थुजीही मागून ढकलायला त्यांना मिळाले. बापूसाहेब बाजूच्या आसनावर बसले, मिश्यांना पीळ दिला, आणि कॅलिंगवर्थ चार वर्षांनी उन्हात आली.

फाटकातून बाहेर पडून गाडी मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागली. मोरोपंतांनी नसलेला क्लच दाबला आणि बत्त्याचा सराव आठवून पहिला गिअर टाकला. मग दुसरा. मग, स्वयंपाकघरात जो कधी पडला नव्हता, तो तिसरा. तोंडाने ते बारीक आवाज काढत होते, आणि काही वेळाने बापूसाहेबांनीही आपला खर्ज त्यात मिसळला. दोन कार्ब्युरेटर होतेच. कडब्याचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई मागून आली, थोडा वेळ बरोबरीने चालली, गाडीत डोकावून "बिमार हायेत काय?" म्हणाली, आणि पुढे निघून गेली.

"किती असेल?" मोरोपंतांनी समोरची नजर न काढता विचारलं.

बापूसाहेबांनी तबकडीकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. त्यांनी रस्त्याकडे आणि बाईच्या पाठीकडे पाहून अंदाज केला. "ताशी दोन. फार तर सव्वादोन."

"मला जास्त वाटून राहिलं."

"उघड्या गाडीत वाटतं तसं."

मोरोपंतांनी हॉर्न दाबला. तो वाजत होता. रस्त्यात कोणी नव्हतं तरी त्यांनी तो पुन्हा एकदा दाबला, आणि मग दूर क्षितिजाकडे पाहत चाकावरची पकड घट्ट केली. आपण जन्मभर बार रूममध्ये जे सांगत आलो ते शब्दशः खरं होतं, असं त्यांना वाटलं, आणि ते बापूसाहेबांना सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.

तीन फर्लांग झाले होते, म्हणजे अर्धा मैलही नाही. समोर रस्ता जरासा वर चढत होता. मागचं कण्हणं वाढलं, गाडी हळू झाली, मग उभी राहिली. देवमन खांद्यावरच्या दुपट्ट्याने घाम पुसत बाजूने पुढे आला आणि दाराशी अदबीने वाकला.

"वकीलसायब," तो म्हणाला, "चढ लागला. जरा खाली उतरून मांगून हात लावता काय?"